किती दिवस राहणार?

४ मार्च

विहीणबाई,

नमस्कार आधीच घालून टाकते, कारण पुढे जे लिहिणार आहे त्यात तो कुठे बसणार नाही.

फोन का नाही केला म्हणाल, तर या घरात फोनवर बोललं की सगळ्यांना ऐकू जातं. आणि तो फॅमिली ग्रुप! तिथे मी काही लिहिलं की लगेच तुमच्या लेकीचा अंगठा आणि माझ्या लेकाचे जोडलेले हात येतात. भांडायचीसुद्धा सोय नाही. म्हणून हे पत्र. कोटाच्या आतल्या खिशात ठेवणार आहे. सप्टेंबरात तुम्ही आलात की तोच कोट चढवाल, तेव्हा मिळेल.

कोटावरूनच सुरुवात करते. काल चिरंजीवांनी तुम्हाला वर, निघणाऱ्यांच्या मजल्यावर सोडलं आणि खाली येऊन मला घेतलं. एका फेरीत दोन कामं. दरवेळी असंच. लग्नानंतर आपण एकमेकींचं तोंड पाहिलेलं नाही, आणि दर सहा महिन्यांनी तासभर आपण एकाच इमारतीत असतो, तुम्ही वर, मी खाली. गाडीत बसले तर मागच्या सीटवर तुमचा कोट. तोच तो मरून. अजून गरम होता. "आई, घाल, बाहेर गारठा आहे," म्हणाला. कोट एक, खोली एक, पलंग एक, आज्या दोन. आपल्याला पाळीपाळीने वापरतात आणि आपण वापरू देतो.

घरी आले. पिटुकली धावत आली आणि कोटाला मिठी मारली. मला नाही, कोटाला! मी तो काढून खुंटीला अडकवला तर ती खुंटीखाली जाऊन बसली. "आजी," म्हणाली कोटाला. मी कोण विचारलं तर म्हणाली, "दुसरी." तीन वर्षांच्या पोरीवर काय रागवणार? म्हणून तुमच्यावर रागावतेय.

आणि फ्रिजवर तुम्ही जे चिकटवून गेला आहात ना, दूध किती गरम, झोप किती वाजता, दुपारी कार्टून बंद, ते मी आल्या आल्या काढलं. तुम्ही मुख्याध्यापिका होतात, मान्य. मी काय त्या शाळेत पहिलीत आहे? दोन मुलं वाढवली आहेत मी, शिवणाचा क्लास चालवून. पलीकडच्या गल्लीतल्या बायकासुद्धा माझ्याकडेच ब्लाउज टाकायच्या.

विमानतळावरच्या खिडकीत याही वेळी तोच प्रश्न. कशाला आलात आणि किती दिवस राहणार. चिरंजीवांनी पढवल्याप्रमाणे "फिरायला" म्हटलं. त्या माणसाने विचारलं, कुठे कुठे फिरणार? आता मला या देशातलं काय माहीत आहे! स्वयंपाकघर माहीत आहे, बाथरूम माहीत आहे, खालची बाग माहीत आहे. मी हसले. म्हातारी हसली की ते सोडून देतात. शिक्का मारला, ३ सप्टेंबरपर्यंत. पासपोर्टवर मी पर्यटक आहे, विहीणबाई. पर्यटकाने आल्या दिवशी भांडी घासली.

लग्नात तुमच्या भावाने आमच्याकडच्यांना पहिल्या पंगतीतून उठवलं होतं, तेही मी विसरलेले नाही.

— पिटुकलीची दुसरी


१९ जून

विहीणबाई,

पहिलं पत्र खिशात तसंच आहे. फाडणार होते, पण नाही फाडलं. लिहिलंय ते खरंच आहे.

आज राग तुमच्यावर नाही. दुपारी पिटुकलीला झोपवलं आणि घरी फोन लावला. ह्यांनी उचलला, नेहमीचं बोलले. जेवलो, चाललोय, मजेत. आमचे हे डेपोत मेकॅनिक होते. बसच्या पोटात शिरून अंधारात नट चाचपून काढायचे, तेव्हापासूनच मला वाटायचं ह्यांना डोळ्यांची फारशी गरजच नाही. तर तो काचबिंदू. तुम्हाला कुणी सांगितलं नसेल. डॉक्टरांनी तीन वर्षांपूर्वीच बजावलंय, गेलेलं परत येणार नाही, आहे ते टिकवायचं तर औषधाचे थेंब रोज, न चुकता, दोन्ही डोळ्यांत. मी घरी असते तेव्हा मी घालते. मी नसते तेव्हा हे स्वतः घालतात, असं हे सांगतात.

फोन ठेवता ठेवता मागून वरच्या मजल्यावरच्या काकूंचा आवाज आला. मी म्हटलं, त्यांना द्या जरा. हे देईनात. मग काकूंनीच घेतला आणि म्हणाल्या, "वहिनी, रागावू नका, पण भाऊजींचा नेम चुकतो हो. औषध सगळं गालावर. बाटली संपते, डोळा कोरडाच. मी घालते म्हटलं तर संकोच करतात."

माझ्या तळपायाची आग मस्तकाला गेली. आणि मी करणार काय, इथून फुंकर मारू? रात्री जेवताना चिरंजीवांना सांगितलं. त्यांनी लगेच व्हिडिओ कॉल लावला. "बाबा, ड्रॉप्स वेळेवर घालत जा हं. आरशासमोर घाला." उंटावरून शेळ्या हाकणं म्हणतात ते हेच. हे तिकडून "हो हो" म्हणाले. कॅमेऱ्यात हे आमच्याकडे बघत नव्हते, थोडं बाजूला बघत होते. माझ्याशिवाय कुणाच्या लक्षात आलं नाही.

पिटुकली आता माझ्या कुशीत झोपते. झोपेत माझा कान धरते. हे मी तुम्हाला चिडवायला लिहीत नाहीये. तुमचाही धरत असेल.

तीन सप्टेंबरची वाट बघतेय. काय ते कार्टून बंद करायचंय ते तुम्हीच येऊन करा, मी लावून देते.


५ सप्टेंबर

काय केलंत हे, विहीणबाई?

परवा मी रांगेत उभी होते. बॅग वजनाला लावायला माझ्यापुढे एकच कुटुंब राहिलं होतं. सकाळी ह्यांना फोनवर सांगितलं होतं, उद्यापासून आरशासमोर कसरती बंद, मी येतेय. कोट काढून चिरंजीवांच्या हातात दिला होता. ते खाली तुम्हाला घ्यायला गेले, आणि थोड्या वेळाने धापा टाकत वर आले. "आई, थांब. सासूबाईंना आत घेत नाहीयेत. परत पाठवतायत."

काय झालं, तर खिडकीतल्या माणसाने विचारलं कशाला आलात, आणि तुम्ही त्याला म्हणालात, "नात सांभाळायला. मुलगी-जावई नोकरीला जातात, घरी कुणी नसतं." त्याने विचारलं, गेल्या वेळीही हेच करत होता? तुम्ही म्हणालात, "दरवेळी." संपलं. फिरायच्या व्हिसावर काम करता येत नाही, आणि मूल सांभाळणं हे त्यांच्या लेखी काम आहे. आपल्या पोरांच्या लेखी नाही, पण त्या अनोळखी माणसाच्या लेखी आहे. यावर मला हसावं की रडावं कळेना.

चिरंजीवांनी माझी बॅग रांगेतून बाहेर ओढली. कुणी विचारलं नाही, आई, थांबतेस का. "चल" म्हणाले. आणि मीही चालू लागले, याचा राग सगळ्यात जास्त येतोय. गाडीत तो कोट परत अंगावर.

संध्याकाळी तुमचा फोन आला, लेकीने स्पीकरवर टाकला. तुम्ही रडत होतात. ती सांगत होती, "आई बिचारी घाबरली, भलतंच बोलून गेली." घाबरली? शाळा तपासायला आलेल्या साहेबाला तुम्ही दारात पाऊण तास उभं केलं होतंत, ही गोष्ट लग्नात तुमच्याकडच्या प्रत्येकाने मला ऐकवली आहे. ती बाई एका खिडकीला घाबरली म्हणे! आणि विहीणबाई, तुम्ही रडलात ते फारच नीटनेटकं रडलात. माझ्या क्लासमध्ये कापड बिघडवून रडणाऱ्या मुली पुष्कळ पाहिल्या आहेत. खरं रडणारीचं नाक वाहतं.

तुम्ही मुद्दाम बोललात. तुम्हाला घरी जायचं होतं आणि तुम्ही दार शोधलंत. हुशार आहात. पण दार तुमच्यामागे बंद झालं आणि मी आत राहिले, याचा विचार केला होतात? की ही शिवणवाली, हिला काय, राहील आणखी सहा महिने?

माझी मुदत वाढवायचा अर्ज परवा रात्रीच, मुदत संपायच्या आत गेला. निकाल लागेपर्यंत इथे राहायला परवानगी असते म्हणे. मला सही करायला बसवलं तेव्हा पिटुकली मांडीवर होती. केली सही.

ह्यांना फोन केला. म्हटलं, थोडं लांबलं. हे म्हणाले, "असू दे, असू दे. घाई नाही."

घाई नाही!


८ ऑक्टोबर

विहीणबाई,

आता ऐका तमाशा.

आमच्याकडे एक एजंट येतो. व्हिसाची कामं करतो, गळ्यात टाय, पायात मोजे न घालता बूट. मी त्याला टायवाला म्हणते. रविवारी आला, सोफ्यावर बसला आणि माझ्यासमोर माझ्याबद्दल हिंदीत बोलू लागला. मुदतवाढ मिळाली तर फार तर तीन महिने, आणि परत मागता येणार नाही. पण आईवडिलांसाठी लांब मुदतीचा व्हिसा आहे, पाच वर्षं, सलग राहा. मी विचारलं, "ह्यांचं काय?" टायवाला चिरंजीवांकडे बघायला लागला. त्या व्हिसाला डॉक्टरी तपासणी लागते. ह्यांचे डोळे त्यात बसणार नाहीत. आणि नवराबायको दोघं हयात असून एकट्या आईचा अर्ज केला तर अडचण येते.

"मग?" मी म्हटलं.

टायवाला म्हणाला, "सोपं आहे. दोघं वेगळे राहतात असं दाखवायचं. फक्त कागदावर."

मला वाटलं आता माझा मुलगा उठेल आणि त्याला टाय धरून दाराबाहेर घालेल. माझा मुलगा म्हणाला, "आई, फक्त कागदावरच गं."

मी चहाचा कप आपटला. फुटला नाही, इथले कप जाड आहेत. मी म्हटलं, "चाळीस वर्षं संसार केलाय मी त्या माणसाबरोबर. तू ज्या हाताने हे टाइप करणार आहेस ना, तो हात त्याने सायकलचं हँडल धरायला शिकवलाय." तर तुमची लेक, एरवी चांगली मुलगी आहे हो, खाली मान घालून म्हणाली, "आई, दुसरा मार्ग असता तर आम्ही विचारलंच नसतं. बाबांना दादा नेतील ना त्यांच्याकडे." दादा, म्हणजे माझा थोरला! तो बापाला वर्षातून एकदा वाढदिवसाला फोन करतो, त्याचीही आठवण बायको करून देते.

रात्री मी पडल्या पडल्या त्या टायवाल्याला शिव्या घालत होते, आणि एकदम माझ्या लक्षात आलं. तो खोटं लिहायला सांगतच नव्हता. आम्ही वेगळेच राहतो. पोर झाल्यापासून मी निम्मा काळ इथे आहे आणि हे तिथे गालावर औषध ओतताहेत. भांडण नाही, तंटा नाही, आणि दोन घरं झाली आमची. कागद तेवढा मागे राहिला होता. तो माझा मुलगा पूर्ण करतोय.

पोरांचं चुकतं असंच नुसतं म्हणत नाही. ह्या दोघांचाही मुक्काम कंपनीच्या मर्जीवर आहे. नोकरी गेली की दोन महिन्यांत गाशा गुंडाळा. सुनेने रजा वाढवून मागितली तर तिचा साहेब परवान्याची आठवण करून देतो. चिरंजीव झोपेत दात खातात, लहानपणी परीक्षेच्या आधी खायचे तसे. घाबरलेली आहेत पोरं. पण भीती त्यांची आणि डोळे ह्यांचे जाणार, हा कुठला हिशेब?

पाच वर्षांचा अर्ज गेलासुद्धा, येत्या गुरुवारी त्याची मुलाखत आहे. "मी सांगतो तेवढंच बोल," असं मला सांगण्यात आलं आहे.


१६ ऑक्टोबर

विहीणबाई,

काल मुलाखत झाली. बसल्या बसल्या लिहून काढते, नाहीतर राग ओसरेल.

काचेपलीकडे एक बाई, केस घट्ट बांधलेले, सर्दी झालेली. चिरंजीव माझ्या शेजारी. त्यांना वाटलं होतं, भाषांतर तेच करणार. पण ती बाई म्हणाली, घरच्यांनी करायचं नाही. तिने टेबलावरचं एक यंत्र दाबलं आणि त्यातून एका बाईचा आवाज आला, "नमस्कार. मी दुभाषी बोलतेय. तुम्ही मराठीत बोला, काकू, मी त्यांना सांगते."

काकू! सात महिन्यांत या घराबाहेरचं पहिलं माणूस माझ्याशी माझ्या भाषेत बोललं. चिरंजीवांचा चेहरा उतरला.

नाव, जन्मतारीख झालं. मग आवाज म्हणाला, "त्या विचारतायत, तुम्ही पतीपासून वेगळ्या राहता का?"

टेबलाखाली चिरंजीवांनी माझ्या पायाला पाय लावला. लहानपणी मी लावायचे, पाहुण्यांसमोर तो काही बरळायला लागला की.

मी म्हटलं, "राहते."

"कधीपासून?"

"ही नात झाल्यापासून."

"कारण काय, असं विचारतायत."

मी म्हटलं, "कारण हा बसलाय शेजारी. हा माझा धाकटा मुलगा. याच्या घरी मी पर्यटक आहे. बाई, त्यांना सांगा, मी इथे काहीही बघायला आलेले नाही आणि काहीही बघितलेलं नाही. माझ्या नवऱ्याची दृष्टी चालली आहे. त्याच्या डोळ्यांत रोज औषध घालावं लागतं आणि त्याला स्वतःला घालता येत नाही. ते काम माझं आहे. मला पाच वर्षं नकोत, तीन महिने नकोत. मला घरी जायचंय. सांगा त्यांना, जसंच्या तसं."

मग त्या दुभाषी बाईने सांगितलं, आणि मी एवढंसं बोलले होते त्यापेक्षा ती पुष्कळ जास्त वेळ बोलली. काय काय बोलली कोण जाणे. काचेपलीकडच्या बाईने नाक पुसलं, अर्ज बाजूला ठेवला आणि विचारलं, मागे घ्यायचा का? मी म्हटलं, घ्या.

गाडीत चिरंजीव फुटले. "आई, तू आम्हाला तोंडघशी पाडलंस!"

"बरं झालं."

"आता पिटुकलीचं काय? पाळणाघरात नंबर लागायला महिने लागतात. आम्ही काय नोकऱ्या सोडायच्या?"

"आणि मी काय नवरा सोडायचा?"

त्याने गाडी कडेला घेतली. स्टिअरिंगवर डोकं टेकलं. मला वाटलं, पाठीवर हात ठेवावा. ठेवला नाही. मग म्हणाला, "इतकं झालंय ते बाबांनी मला कधी सांगितलं नाही." मी म्हटलं, "ते तुझ्याकडे बघत नव्हते रे, कॅमेऱ्यात. बाजूला बघत होते. तू बघितलंस का?" त्याने गाडी परत रस्त्यावर घेतली. त्याला अजूनही आठवत नसावं.

तुमच्यावर एक राग होता, तो गेला. खिडकीशी उभं राहून खरं बोलायला काय लागतं ते काल कळलं. पण मला आधी सांगायला हवं होतंत. आपण दोघी मिळून बोललो असतो.


११ नोव्हेंबर

विहीणबाई,

घरून लिहितेय. सगळी पत्रं एकत्र पाठवते आहे. पहिल्यापासून क्रमाने वाचा. पहिलं वाचून राग येईल, तो येऊ द्या, पण पुढची वाचा.

पिटुकलीला पाळणाघर मिळालं. नंबर महिन्यांनी लागणार होता तो पंधरा दिवसांत लागला, कारण तुमच्या लेकीने रोज सकाळी जाऊन तिथल्या बाईंच्या दारात उभं राहायचा सपाटा लावला. तुमचीच मुलगी. कोट मी खुंटीवर ठेवून आले होते. पोर तो घेऊन जाते म्हणे, दुपारी अंगावर घेऊन झोपते. ही बातमी कळल्यावर मी दोन दिवस कुणाशी धड बोलले नाही. राग कुणावर धरायचा तेच कळेना. तुम्हाला कळलं तर मला कळवा.

तुम्ही या एकदा आमच्याकडे. त्या पंगतीचं मी मनातून काढून टाकलंय. म्हणजे काढत आणलंय.

आता ह्यांचं. मी दारात उभी राहिले तेव्हा हे म्हणाले, "बारीक झालीस की मला कमी दिसतंय?" मी म्हटलं, "बारीक झालेय." डॉक्टरांकडे नेलं. उजवा गेला. डावा निम्मा आहे. डॉक्टर म्हणाले, एवढा टिकवा. मी विचारलं, मार्चपासून इथे असते तर? त्यांनी पाण्याचा ग्लास पुढे केला.

चिरंजीवांना फोन करून सांगितलं. ते रडले. त्यांचं नाक वाहत होतं, ऐकू येत होतं. मी समजूत घातली नाही.

काल सकाळी हे खाटेवर उताणे पडले, मी उशाशी बसले, डाव्या डोळ्याची पापणी वर धरली आणि बाटली उलटी केली. थेंब पडायच्या आधी ह्यांनी विचारलं, "या वेळी किती दिवस आहेस?"

विहीणबाई, अंगाचा भडका उडाला माझ्या. त्या खिडकीतल्या माणसांनी विचारलं, टायवाल्याने विचारलं, काचेपलीकडच्या बाईने विचारलं, ते ठीक. माझ्या घरात, माझ्या नवऱ्याने! मी म्हटलं, "किती दिवस म्हणजे? मी पाहुणी आहे का इथे?"

"तसं नाही गं," हे म्हणाले. "तुझ्या हाताची सवय करून घ्यायची की नाही, ते ठरवायला बरं."

एक थेंब गालावर गेला.

मी पदराने गाल पुसला, पापणी परत वर धरली आणि म्हटलं, "करून घ्या सवय. आणि आता डोळा मिटू नका."